मोरीमागचं झाड

बिग डेझर्टच्या कडेला, तंबूतून
२० ऑगस्ट १९६७

एल्वा,

थंडी कशी आहे म्हणून विचारतेस. थंडी कुठली? ऑगस्टचा हिवाळा अजून संपायचाय आणि मी उघड्या अंगाने तंबूबाहेर बसून हे लिहितोय. काल दुपारी दारातच साप पसरला होता. बिचाऱ्याला वाटलं, उन्हाळा लागला. मी त्याला काही बोललो नाही. मलाही तसंच वाटतंय.

मुद्द्याचं लिहितो. इथली झुडपं महिनाभर आधीच फुलून गेली आणि फुलांत मध नव्हता. मधमाश्या जातात, रिकाम्या परत येतात. आता सगळी मदार घरच्या यलो बॉक्स निलगिरींवर. तेव्हा तू टिंकर्स गलीच्या घळीत जा आणि बाबांच्या जागेवरची झाडं नीट बघ. कळ्या आहेत का, किती आहेत, कुठल्या फांद्यांना. ऑक्टोबरात तिथे बहर आला तर माझ्या नव्वदच्या नव्वद पेट्या तरतील. नाही आला, तर बाबांच्या माश्या माझ्या हातात संपतील. रडगाणं म्हणून नाही लिहीत. आहे ते आहे.

फोन करू नकोस. बाबांचा नियम तुला पाठ आहे, कळ्यांची बातमी पाकिटातूनच जायची. एक्स्चेंजवरच्या डॉटने एकदा ऐकलं की संध्याकाळी त्या दुसऱ्या मधवाल्या रेक्स हॅडोचा ट्रक आपल्या झाडांखाली उभा.

तुझा भाऊ,
लिन

—

पेनरोज फ्लॅट
२९ ऑगस्ट

लिन,

जाऊन आले. रविवारी चर्चमधून परस्पर गेले, चांगल्या कपड्यांत, त्यामुळे मोज्यांची वाट लागली. ती तुझ्या नावावर मांडलीये.

कळ्या आहेत. भरपूर आहेत. बाबांच्या जागेवर एकही झाड असं नाही की ज्याला झुबके नाहीत. अजून गव्हाच्या दाण्याएवढ्याच आहेत, पण हिरव्या आणि घट्ट. एक फांदी मोडून आणलीये, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलीये. जमिनीचं मात्र विचारू नकोस. मी काठी रोवून बघितली, काठी वाकली. ओढ्यात पाण्याऐवजी मॅकी मंडळींच्या दोन मेंढ्या झोपल्या होत्या.

इकडेही वसंत आधीच येऊन बसलाय, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. जर्दाळू फुलून गेली. उत्तरेचा वारा सुटला की वाळत घातलेली चादर दुसरी घालेपर्यंत वाळते, आणि तिसरी घालेपर्यंत मळते. टाकी ठोकून बघते, तर आवाज पार बुडापर्यंत रिकामा.

आपलं मोरीमागचं झाडही तसंच लगडलंय. गलीतल्याच बियांचं ना ते! बाबा म्हणायचे, हे झाड आणि गली एकाच दिवशी डोळे उघडतात. मला तर आजवर एकही वर्ष चुकलेलं आठवत नाही.

जेवण वेळेवर कर. डब्यातलं मटण म्हणजे जेवण नव्हे.

एल्वा

—

हायवेच्या कडेला, मॅली
१२ सप्टेंबर

एल्वा,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. मोज्यांचे पैसे मधाच्या रूपात देईन.

पेट्या हलवल्या. इथे रस्त्याच्या कडेला रानफुलांचा पिवळा गालिचा असतो दरवर्षी, पराग मिळतो, माश्या वाढतात. यंदा गालिचा टिकला आठ दिवस. नवव्या दिवशी गरम वारा आला आणि सगळं कागदासारखं वाळलं. माश्या ठीक आहेत. काळजी करण्यासारखं काही नाही. गावातल्या दुकानदाराने विचारलं, एवढी साखर कशाला नेतोस, तर मी म्हटलं, चहा गोड पितो.

तू गलीत पुन्हा एकदा जा. कळ्या फुगतायत का ते बघ. त्यांच्यावरची झाकणासारखी टोपी उतरायला लागली की लगेच लिही, कारण पेट्या उचलायच्या, ट्रक तपासायचा, दोन रात्रींचा प्रवास. फूल उघडण्याआधी माश्या झाडाखाली पाहिजेत. तू बघितलंस म्हणजे मी बघितल्यासारखंच आहे, म्हणून तुला त्रास देतो.

इथे पाखरंसुद्धा दुपारी चोच उघडी टाकून बसतात. माणसं विचारतात, पाऊस कधी? जसा काही तो माझ्या ट्रकमध्ये आहे.

लिन

—

पेनरोज फ्लॅट
२२ सप्टेंबर

लिन,

अक्षर बघून हसू नकोस. मांडीवर ट्रे ठेवून लिहितेय. टेबलाशी बसायचा कंटाळा आलाय.

कळ्या चांगल्या भरल्यात. टोकाला पिवळसर दिसायला लागल्यात, पण टोपी अजून उतरली नाही. मी लक्ष ठेवून आहे, तू घोर करू नकोस.

चहा किती गोड पितोस रे? बाबा साखरेच्या पोत्याकडे बघून तोंड फिरवायचे. म्हणायचे, माशीला साखर घालावी लागली की समजावं, आपण तिला चुकीच्या जागी आणलं. खरं सांग, पाक घालतोयस का? घालत असशील तर थोडाफार चालतो, मला माहीत आहे. नुसतं सांग.

गावात वसंत फुलांचं प्रदर्शन झालं. रद्द करणार होते, पण समितीला चहाचं निमित्त सोडवेना. गुलाब एकही नाही. लोकांनी निवडुंग आणले, मिस क्लेमने तर कागदाची फुलं आणली आणि ती खरी आहेत म्हणून भांडली. पहिलं बक्षीस कुणाला, ओळख? शेजारच्या ग्रेटा प्राउजच्या जिरॅनियमला! सबंध दुष्काळात तिने ते भांडी धुतल्याच्या पाण्यावर जगवलं म्हणे. हे सगळं तिनेच माझ्या घरी बसून, रिबन मला तीनदा दाखवून सांगितलं. मी म्हटलं, ग्रेटा, ही फुलांची स्पर्धा झाली की भांडी घासण्याची? त्यावर ती रुसली, पण माझी बिस्किटं संपवूनच गेली.

रविवारी पाद्रीबुवांनी पावसासाठी प्रार्थना केली. प्रार्थना चालू असताना दाराखालून धूळ आत येत होती म्हणे.

एल्वा

—

मॅली
३ ऑक्टोबर

एल्वा,

प्रदर्शनाला गेली नाहीस? चर्चलाही नाही? सगळं 'म्हणे' आणि 'म्हणे'. काय चाललंय?

आणि पाक मी घालतोय, थोडासाच. माश्या ठीक आहेत.

आता नीट वाच, कारण यावर सगळं अवलंबून आहे. ओसी ब्रायंटची चिठ्ठी आली. तिकडे किनाऱ्यावर गिप्सलँडमध्ये दोनदा पाऊस झालाय, रान हिरवं आहे, आणि त्याच्याकडे पेट्या ठेवायला एक जागा मोकळी आहे. माझ्यासाठी तो पंधरा तारखेपर्यंत थांबेल, मग दुसऱ्याला देईल. मध फार मिळणार नाही तिथे, पण माश्या मरणार नाहीत. गलीत बहर आला तर तीच माणसाला वर काढील, वर्षभराचं होईल. पण दोन्ही करता येणार नाही. या उन्हात पेट्या एकदाच हलवता येतील. एक तर किनारा, नाहीतर घर.

म्हणून नुसतं 'भरल्यात' नको लिहूस. जा, झाडाखाली उभी राहा, फांदी खाली ओढून बघ आणि मला सांग. तू म्हणशील ते मी करीन. मी फार थकलोय, एल्वा. मला आता कुणीतरी 'इकडे जा' म्हणून सांगायला हवंय.

लिन

—

पेनरोज फ्लॅट
८ ऑक्टोबर

लिन,

उन्हात कोण मरायला जाणार प्रदर्शनाला? आणि चर्चमध्ये पंखा नाही. एवढंच आहे.

आज सकाळी पहिलं फूल उघडलं. दुपारपर्यंत एक अख्खी फांदी पांढरी झाली. रानमाश्या इतक्या आल्यात की खिडकी बंद केली तरी गुणगुण ऐकू येते. मी बोट लावून चाखलं, गोड आहे, बोटाला चिकटतं. कोरडं फूल नाही हे, लिन. खरा बहर आहे.

ये. लगेच नीघ. ओसीला कळव की तुला जागा नको.

आलास की आधी घरी ये, मग गलीत जा. चांगला जेव, आंघोळ कर, अंथरुणावर झोप. मार्चपासून या घरात मी सोडून कुणी खुर्ची ओढलेली नाही. घर फार शांत झालंय.

एल्वा

—

टिंकर्स गली
१७ ऑक्टोबर

एल्वा,

हे पत्र लाकूडतोड्या हॅरिसच्या हाती देतोय, तो गावात जाणार आहे. मी घरी येणार नाही. आलो तर काय बोलीन याचा मला भरवसा नाही.

रात्री पोचलो, अंधारात पेट्या उतरवल्या. पायाखाली काहीतरी करकरत होतं. मला वाटलं, पालापाचोळा. उजाडल्यावर बघितलं, तर कळ्या. सगळ्या कळ्या. झाडांवरून गळून जमिनीवर पडलेल्या, टोपीसकट, दाबली की भुकटी होते. वर फांद्यांवर पान आहे, तेसुद्धा लोंबलेलं. एक फूल नाही. एकही नाही, एल्वा. या गळायला महिना तरी झाला असेल.

तू इथे कधी आली होतीस? मी पलीकडच्या लाकडाच्या रस्त्याने आलो, पण घराकडच्या वाटेवर मोठी फांदी आडवी पडलीये आणि फाटकापासून फांदीपर्यंत कोळ्याने जाळं विणलंय. तुझी गाडी काय त्या जाळ्यातून गेली? तुझी खूण मला एकच सापडली, बाबांच्या झाडाची मोडलेली डहाळी. तिचा चट्टा वाळून करडा झालाय. ती ऑगस्टातली.

तू नुसतं 'मला माहीत नाही' लिहिलं असतंस तरी चाललं असतं. मी ओसीकडे गेलो असतो. काल त्याला तार केली. जागा त्याने सोळा तारखेला देऊन टाकली. कुणाला, ते सांगायला नको. हॅडोला.

निघालो तेव्हा एकसष्ट पेट्या होत्या. नव्वद नव्हे. प्रवासाच्या उष्म्यात आणखी गेल्या. पेटीचं झाकण उघडलं की मध सांडल्यासारखा मेलेल्या माश्यांचा थर सांडतो. आज मी ते हाताने काढत होतो आणि बाबांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता.

का केलंस?

लिन

—

पेनरोज फ्लॅट
१९ ऑक्टोबर

लिन,

चार वेळा लिहिलं आणि फाडलं. हे फाडणार नाही.

२ सप्टेंबरला कोंबड्यांच्या खुराड्याशी पडले. गुडघा. पाय जमिनीवर टेकवत नाही, गाडीचा क्लच दाबणं दूरच. तेव्हापासून मी या खुर्चीत आहे. ग्रेटा सकाळ-संध्याकाळ येते. तुला कळवलं असतं तर तू सगळं सोडून पळत आला असतास आणि हंगाम गेला असता. मला तो माझ्यामुळे जायला नको होता. बघ, कसा वाचवला.

खिडकीतून मोरीमागचं झाड दिसतं. मी तेच बघून तुला लिहीत होते. खोटं लिहितेय असं मला वाटत नव्हतं. बाबांचं झाड, गलीचंच बी, तीस वर्षांत एक दिवसाचा फरक नाही. 'कळ्या भरल्यात' लिहिलं, कुठल्या ते लिहिलं नाही. तेवढंच गाळलं. मला वाटलं, तेवढ्याने काय होतंय.

आणि खरं सांगते, शेवटच्या पत्रात 'ये' लिहिताना मला बहर कमी दिसत होता आणि तू जास्त दिसत होतास. त्याची मला लाज वाटते.

पण लिन, तूही काही धुतल्या तांदळासारखा नाहीस. प्रत्येक पत्रात 'माश्या ठीक आहेत'. त्या मरतायत हे तू लिहिलं असतंस, तर मी ग्रेटाच्या नवऱ्याला हाताला धरून गलीत पाठवलं असतं. मला वाटलं, माश्या धट्ट्याकट्ट्या आहेत, बहर आठवडाभर मागेपुढे झाला तरी थांबतील. तू मला जपलंस आणि मी तुला जपलं. आणि ज्यांना जपायचं होतं त्या गेल्या.

ओरडायला तरी घरी ये.

एल्वा

—

घरी, तुझ्या स्वयंपाकघरात
२७ ऑक्टोबर, सकाळ

एल्वा,

आलो, तर तू नाहीस. दारावर ग्रेटाची चिठ्ठी आहे की तुला गुडघ्याच्या फोटोसाठी बेंडिगोला नेलंय आणि रात्र तिच्या बहिणीकडे काढणार. मला थांबता येत नाही. ट्रकवर पेट्या आहेत, ऊन चढायच्या आत निघालो नाही तर उरलेल्या वितळतील. म्हणून हे टेबलावर ठेवून जातोय. तुझ्या ट्रेवरच लिहितोय, हा ट्रे डगमगतो.

मागच्या दाराने आत आलो आणि आधी आवाज ऐकला. मग झाड बघितलं. एल्वा, मी आयुष्यात असा बहर बघितलेला नाही. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पांढरं, आणि खाली जमीन ओली. ओली! या अख्ख्या जिल्ह्यात मी ओली जमीन महिन्याभरात पाहिली नव्हती. गुडघ्यावर बसून हात लावला. मग मोरीचा नळ दिसला. भिंतीतून बाहेर येतो आणि थेट बुंध्याशी सुटतो. तुझ्या आंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं, बटाटे उकडल्याचं, सगळं पाणी तीस वर्षं त्याच्या मुळाशी जातंय.

मी तिथेच बसून हसलो. मग रडलोही, पण ते कुणी बघितलं नाही. बाबांना हे सुचलं नाही, मला सुचलं नाही, तुला कुठून सुचणार? पावसाच्या वर्षांत मोरीच्या पाण्याने काय फरक पडतो? म्हणून ते झाड आणि गली बरोबरच फुलायची. यंदा गलीला नुसतं आभाळ होतं. झाडाला तू होतीस.

आणि तू ग्रेटाच्या जिरॅनियमला हसलीस!

गलीतल्या माश्यांचं सांगतो. अशक्त पेट्या एकावर एक चढवून एक केल्या. मध्ये बाबांसारखंच वर्तमानपत्र घातलं. एकदम एकत्र केल्या तर परक्या म्हणून एकमेकींना मारतात. कागद कुरतडून संपेपर्यंत त्यांचा राग निवतो, वास एक होतो. मीही आठवडाभर थांबलो, म्हणून आज आलो.

सगळं करून अकरा उरल्या. नऊ ओसीकडे नेतोय. जागा नाही, पण गोठ्यामागे ठेव म्हणाला. मी त्याच्या गाई दोहीन. दोन तुझ्या झाडाखाली ठेवल्यात. डावीकडच्या पेटीत जुनी राणी आहे, बाबांच्या वाणाची, खरी. ती मी प्रवासात नेणार नाही. एक झाड दोन पेट्या पोसू शकतं, जर त्याला पाणी कमी पडलं नाही तर. तेव्हा काटकसर बंद. तू बादलीभर पाण्यात आंघोळ करतेस हे मला माहीत आहे. आता रोज कर, आणि टबात कर. डोकं धुवायला लाजू नकोस.

पाय वर ठेव. उगाच शूरपणा नको. दुखलं तर 'दुखतंय' असं लिही.

लिन

ता.क. तुझी बिस्किटं सगळी खाल्ली.

—

पेनरोज फ्लॅट
१२ नोव्हेंबर

लिन,

दुखतंय. घे, लिहिलं. हाड मोडलेलं नाही, आतलं काहीतरी फाटलंय. सहा आठवडे कुबडी.

टिंकर्स गलीचं मला काही ठाऊक नाही. हे आता आधीच लिहून टाकते. मोरीमागच्या झाडाचं ठाऊक आहे, कारण मी खुर्ची तिथेच नेऊन टाकलीये. खालच्या फांद्या झडल्या, वरच्या अजून पांढऱ्या आहेत. डावी पेटी जोरात आहे. उजवीच्या दाराशी मेलेल्या माश्या दिसल्या, काल वीसेक, आज त्याहून कमी. अजून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

पाण्याची गाडी आता पंधरवड्याने येते. एक पिंप माझं, त्यात सगळं. मी ग्रेटाला म्हटलं, झाडाला पुरणार नाही. तर ती संध्याकाळी भांडी धुतल्याची बादली घेऊन कुंपणाशी उभी. मी विचारलं, तुझ्या जिरॅनियमचं काय? म्हणाली, "त्याला बक्षीस मिळालंय, आता ते मेलं तरी चालतंय." आता रोज आणते. तिच्या पाण्यात चरबी असते, पण झाडाने अजून तक्रार केलेली नाही. तिला हसल्याबद्दल मी माफी मागितली. ती म्हणाली, बिस्किटं कर. केली.

पाऊस नाही. काल ढग आले होते, सगळं गाव अंगणात येऊन उभं राहिलं. तासाभराने ढग गेले आणि आम्ही एकमेकांकडे न बघता आत गेलो.

ओसीच्या गाईंची सवय झाली का? तुझ्या नऊ पेट्यांचं खरं लिही. 'ठीक' लिहिलंस तर पत्र न वाचता परत पाठवीन.

मी बरी आहे, म्हणजे फार थकलेय. काल रात्री टबात उतरायचं त्राणच नव्हतं. ग्रेटा घरी गेलेली, कुबडी ओल्या फरशीवर सरकते, आणि कुणासाठी एवढं नटायचंय? वाटलं, एक दिवस राहू दे. दिवा मालवला, पडले. मग खिडकीतून त्या दोन पेट्या दिसत राहिल्या.

उठले आणि आंघोळ केली. डोकंसुद्धा धुतलं.

एल्वा